नाटक, चित्रवही आणि वसंतातली बाग



मी अभियांत्रिकी महाविद्यालयात पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवतो. षटकोनी नटाचे समोरून, वरून आणि बाजूने दिसणारे दृश्य कसे काढायचे, हा माझा रोजचा विषय. मग नाटकाला जाणे, चित्रांची वही ठेवणे आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये बागेत फिरणे या गोष्टींवर मी टिपण का लिहावे? याला दोन कारणे आहेत. पहिले असे, की या तिन्ही गोष्टी म्हणजे पाहण्याचाच अभ्यास, आणि माझ्या विषयाचे मूळही पाहण्यातच आहे. दुसरे कारण माझ्या स्वतःच्या एका चुकीचे आहे. ते आधी सांगतो.

माझे लहानपण कोल्हापुरात गेले. तिथले केशवराव भोसले नाट्यगृह राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली ‘पॅलेस थिएटर’ या नावाने बांधले. पुढे संगीत रंगभूमीवरचे मोठे गायक-नट केशवराव भोसले यांचे नाव त्याला मिळाले. खासबाग कुस्ती मैदानाला लागूनच ते आहे. वडिलांचे बोट धरून मी तिथे किती नाटके पाहिली याचा हिशेब नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्या नाट्यगृहाला आग लागली आणि आतला रंगमंच, खुर्च्या, छत जळून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागद घेतला आणि आठवणीतून त्या सभागृहाचा नकाशा काढायला बसलो. माझे रोजचे कामच नकाशे काढण्याचे! पण बाल्कनीखाली खांब किती होते, ते आठवेना. रंगमंचाकडे जाणारी पायरी डावीकडे होती की उजवीकडे, तेही आठवेना. वडिलांच्या शर्टाचा वास मात्र आठवला. इतक्या वेळा त्या जागेत बसलो, पण ती नीट पाहिली म्हणावी असे एकदाही घडले नव्हते. हे टिपण त्या अर्ध्या राहिलेल्या नकाशामुळे लिहिले आहे.

एकाच अंकात तिन्ही गोष्टी

नाटक, चित्र आणि वसंतातली बाग ही जोडणी माझ्या कल्पनेतली नाही, फार जुनी आहे. कालिदासाचे ‘मालविकाग्निमित्र’ घ्या. आपला प्रयोग वसंतोत्सवात होत असल्याचे त्याच्या प्रस्तावनेतच सांगितले आहे. म्हणजे ‘स्प्रिंग फेस्टिव्हल’ला नाटक पाहायला जाणे आपल्याकडे नवे नाही. याच नाटकात राजाला नायिका पहिल्यांदा दिसते तीही एका चित्रात.

तरी माझ्या मते सर्वांत शिकण्यासारखा आहे तो ‘अभिज्ञानशाकुंतल’चा सहावा अंक. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि मराठी संगीत नाटकाचा मोठा काळ सुरू झाला, म्हणून मराठी वाचकाला हे कथानक घरचे आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. अंगठी सापडते आणि दुष्यंताला सगळे आठवते. आपण शकुंतलेला ओळखले नाही या पश्चात्तापाने तो त्या वर्षीचा वसंतोत्सव बंद करतो. आंब्याला मोहोर आलेला असतो. बागेतल्या दोन दासी तो खुडायला लागतात आणि कंचुकी त्यांच्यावर ओरडतो. पुढे राजा विदूषकाला घेऊन बागेतल्या माधवीच्या मांडवात बसतो आणि आपणच काढलेले शकुंतलेचे चित्र मागवतो.

इथून पुढचा भाग मी दर वर्षी वर्गात सांगतो, कारण त्यात चित्र काढण्याची प्रक्रियाच दाखवली आहे. चित्र अपुरे आहे. काय राहिले ते राजा मोजून सांगतो. वाळवंटावर हंसांच्या जोड्या बसलेली मालिनी नदी, हरणे विसावलेल्या हिमालयाच्या पायथ्याच्या टेकड्या, फांद्यांवर वल्कले वाळत घातलेले झाड, आणि त्या झाडाखाली काळविटाच्या शिंगावर डोळा घासणारी हरिणी. डोळाही कोणता, तर डावा! हे ऐकून विदूषक मनात म्हणतो, आता हा लांब दाढ्यांच्या तापसांनी सगळा फलक भरून टाकणार. (पहिल्या वर्षाच्या मुलांच्या कागदाकडे पाहून माझ्याही मनात कधी कधी असेच येते.) एवढे झाल्यावर राजाला आणखी एक गोष्ट सुचते. शकुंतलेच्या कानावरचे शिरीषाचे फूल काढायचे राहून गेले आहे. त्याचे केसर गालापर्यंत उतरलेले असत.

या शिरीषाच्या फुलापाशी थोडे थांबा. शिरीष फुलतो उन्हाळ्यात, एप्रिलपासून पुढे. नाटकाच्या प्रस्तावनेत नटी जे गाणे म्हणते तेही नुकत्याच लागलेल्या ग्रीष्माचे आहे आणि त्यातही स्त्रियांनी कानावर घातलेली शिरीषाची फुले आहेत. सहाव्या अंकात मात्र बागेत आंब्याचा मोहोर आहे, म्हणजे वसंत आहे. मधे काळ गेला आहे. राजा बसला आहे एका ऋतूत आणि चित्रात भरायचे आहे दुसऱ्या ऋतूचे फूल. चित्रातले ते फूल म्हणजे त्या भेटीची तारीखच झाली. तुमच्या वहीत तुम्ही एखादे फूल नीट काढले, तर पानावर तारीख घालायचे विसरलात तरी जाणकाराला महिना सांगता येईल.

आणखी एक बारकावा आहे. चित्रातल्या गालावर राजाचा अश्रू पडून रंग फुगलेला आहे आणि कडेला घामेजलेल्या बोटाचा डाग आहे. कालिदासाने हे डाग पुसून टाकलेले नाहीत. तुमच्या वहीवर चहाचा थेंब पडला तर पान फाडू नका.

फोटो काढतो की, मग चित्र कशाला?

हा प्रश्न मला दर वर्षी विचारला जातो, आणि तो रास्त आहे. फोटोला माझा विरोध नाही. झाडाची ओळख पटवायला फोटोसारखे साधन नाही. पण लक्षात राहण्याच्या बाबतीत दोन अभ्यास पाहण्यासारखे आहेत. अमेरिकेतल्या लिंडा हेंकेल यांनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी विद्यार्थ्यांना संग्रहालयात फिरवले. काही वस्तूंचे फोटो काढायला आणि काही वस्तू नुसत्या पाहायला सांगितले. दुसऱ्या दिवशी विचारले, तर फोटो काढलेल्या वस्तू आणि त्यांचे तपशील कमी आठवत होते. यात एक मजेची बाब होती. वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला, तर असे नुकसान झाले नाही. म्हणजे दोष कॅमेऱ्याचा नसून ‘आता यंत्राने पाहिले, मी पाहायची गरज नाही’ या वृत्तीचा असावा, असे मला वाटते.

दुसरा अभ्यास कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातला, २०१६ चा. जेफ्री वॉम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना साधे शब्द दिले. काही शब्द लिहून काढायचे होते आणि काहींचे चित्र काढायचे होते. चित्र काढलेले शब्द जास्त आठवले. चित्रासाठी जेमतेम चार सेकंद दिले तरीही आठवले. चित्र सुबक असण्याशी याचा संबंध नव्हता. ज्यांना ‘सर, माझा हात वाईट आहे’ असे म्हणायची सवय आहे, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. चित्र काढताना वस्तूचा अर्थ लावावा लागतो, तिचा आकार डोळ्यासमोर आणावा लागतो आणि हाताची हालचाल करावी लागते. एकाच गोष्टीचे असे तीन धागे मनात बांधले जातात.

नाटकाला जाताना

नाटक चालू असताना वही उघडू नका. अंधारात पेन चालवले की शेजारच्याला त्रास होतो, आणि तुमचे एक डोळा रंगमंचावर, एक कागदावर असे होते. मोबाइलच्या प्रकाशाबद्दल तर बोलायलाच नको. बेंगळुरूच्या रंगशंकरासारख्या नाट्यगृहात उशिरा आलेल्यांना आत सोडत नाहीत; तिसऱ्या घंटेनंतर पायांवरून ‘सॉरी, सॉरी’ करत जाणाऱ्यांसाठी हा नियम सगळीकडे असावा असे माझे मत आहे. तेव्हा वीस मिनिटे आधी पोचा. ही वीस मिनिटे वहीची आहेत. पडदा उघडा असेल तर नेपथ्य दिसते; बंद असेल तर सभागृह दिसते. खांब मोजा.

प्रयोगानंतर, शक्यतो त्याच रात्री, आठवणीतून एकच पान भरा. मी विद्यार्थ्यांना यासाठी ‘प्लॅन’ काढायला सांगतो. प्लॅन म्हणजे बुकिंगच्या खिडकीवरचा खुर्च्यांचा तक्ता नव्हे; वरून पाहिल्यावर रंगमंच जसा दिसेल तसा आराखडा. एक चौकोन काढायचा, पुढची कड जाड रेघेने दाखवायची, विंगा दाखवायच्या, टेबल-खुर्ची-दार यांच्या जागा मांडायच्या. नंतर एखादा प्रसंग निवडून पात्रे कुठून आली, कुठे थांबली, कुणी कुणाकडे पाठ केली ते बाणांनी दाखवायचे. हाच आराखडा नाटकातल्या तीन वेगळ्या क्षणांसाठी काढला, तर दिग्दर्शकाने काय केले हे चक्क कागदावर दिसू लागते. सुरुवातीला खोलीच्या मध्यभागी असलेला बाप शेवटी दाराजवळच्या कोपऱ्यात कसा गेला, हे बघताना जाणवले नव्हते ते बाणांतून कळते.

विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चे उदाहरण घ्या. १९७२ साली पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने डॉ. जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली ते उभे केले. त्यात ब्राह्मणांची एक रांग आहे. ही रांग म्हणजेच पडदा, म्हणजेच भिंत. ती हलते, फुटते, पुन्हा जुळते, आणि तिच्यामागे जे चालले आहे ते कधी झाकते, कधी दाखवते. या नाटकाचा एक प्रसंग वरून काढून पाहा. रांगेची एक रेघ काढली की सत्ता कुणाच्या मागे लपली आहे, ते वेगळे सांगावे लागत नाही.

रंगमंचाचा प्रकार बदलला की आराखडाही बदलतो. मुंबईचे पृथ्वी थिएटर १९७८ पासून चालू आहे. तिथे प्रेक्षक तीन बाजूंनी बसतात. नटाची पाठ नेहमी कुणाला तरी दिसतेच. तळकोकणात आणि गोव्यात दिवाळीनंतर देवळांच्या जत्रांतून दशावतारी नाटके होतात. तिथे नेपथ्य म्हणजे जवळजवळ एक बाकडे. तेच सिंहासन, तेच झाडाखालचा दगड, तेच सगळे. असा प्रयोग पाहून आलात तर बाकड्याचे एक चित्र काढा आणि त्याच्याभोवती ते काय काय झाले त्याची नावे लिहा. तुमच्या गावी कुडियाट्टम, जात्रा, तेरुकूत्तू, नौटंकी, यक्षगान यांपैकी जे असेल ते बघा. महागडे तिकीट काढून मोठ्या शहरातच जायला हवे असे नाही. महाराष्ट्रात असाल तर राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्यांची तिकिटे आजही अगदी स्वस्त असतात. इंदूर, बडोदा, हैदराबाद, दिल्ली इथल्या मराठी मंडळींचे प्रयोग असतात, आणि महाविद्यालयांच्या एकांकिका तर सगळीकडे असतात. वाईट प्रयोगही चालेल. का फसला ते आराखड्यात शोधायला मजा येते.

मध्यंतरात बटाटेवडा खा. वहीचे काम मध्यंतरात करू नका. त्या वेळी लोक काय बोलतात ते ऐका आणि एखादे वाक्य लक्षात ठेवा. माझ्या वहीत नाटकांइतकीच मध्यंतरातली वाक्येही आहेत.

वही कशी असावी

यावर मी फार लिहिणार नाही, कारण वहीच्या खरेदीतच उत्साह संपवणारे विद्यार्थी मी खूप पाहिले आहेत. हातात मावणारी, कोऱ्या पानांची, शिलाईची वही घ्या. नुसते पेन-पेन्सिल वापरणार असाल तर १०० जीएसएमचा कागद पुरतो. जलरंग लावायचे असतील तर २०० च्या पुढचा घ्या, नाही तर पान सुरकुतते. एक एचबी आणि एक टूबी पेन्सिल, एक बॉलपेन, आणि शाळेतली जलरंगांची पेटी. बाजारात मिळणाऱ्या चिकटपट्ट्या आणि स्टिकर लावून सजवलेल्या पानांना हल्ली ‘आर्ट जर्नल’ म्हणतात. कुणाला त्यात आनंद मिळत असेल तर माझे काही म्हणणे नाही, पण आपण इथे बोलतो आहोत ती वही सजावटीची नसून पाहण्याची आहे.

प्रत्येक पानावर चार गोष्टी हव्यात : तारीख, वेळ, जागा आणि हवा. त्यानंतर रेघा आणि शब्द एकत्र येऊ द्या. जे काढता येत नाही ते लिहा, जे लिहिता येत नाही ते काढा. एखादे तरी माप असू द्या. ‘पाकळी मोठी’ याला अर्थ नाही; ‘पाकळी माझ्या अंगठ्यापेक्षा थोडी लांब’ याला अर्थ आहे, कारण अंगठा उद्याही तेवढाच असतो.

हात मोकळा होण्यासाठी एक जुना सराव आहे. किमॉन निकोलाइड्स या अमेरिकन चित्रकला-शिक्षकाच्या १९४१ च्या पुस्तकामुळे तो जगभर पसरला. वस्तूच्या कडेवर नजर ठेवा, पेन कागदावर ठेवा, आणि नजर जशी कडेवरून सरकेल तसे पेन सरकू द्या. कागदाकडे अजिबात पाहायचे नाही. पाच मिनिटांनी खाली पाहाल तेव्हा हसू येईल. कान कपाळावर आणि देठ भलतीकडे गेलेले असतील. पण रेघ जिवंत असेल, कारण ती डोळ्यांनी काढलेली असते. आपण एरवी डोळ्यांनी न काढता माहितीने काढतो. ‘पान’ म्हटले की बदामाचा आकार, ‘फूल’ म्हटले की पाच गोल. नट काढताना विद्यार्थी हेच करतात. समोर ठेवलेला नट न पाहता पुस्तकातला नट काढतात आणि मग कोपऱ्यांवरचा उतार विसरतात.

वसंतात काय पाहायचे

पंचांगात वसंत म्हणजे चैत्र आणि वैशाख. झाडे मात्र पंचांगाच्या आधीच कामाला लागलेली असतात. माघ-फाल्गुनात दख्खनच्या उघड्या माळावर पाने गाळून बसलेली काटेसावर, पळस आणि पांगारा एकामागून एक पेटतात. पाने नसताना फुले का? उत्तर दोन-तीन अंगांनी येते. पाने नसली की झाडाचा पाण्याचा खर्च कमी होतो, आणि साठवलेले व खोल मुळांनी ओढलेले पाणी फुलांसाठी वापरता येते. निष्पर्ण फांद्यांवरची लाल-केशरी फुले पक्ष्यांना दुरून दिसतात, आणि या तिन्ही झाडांकडे मैना, बुलबुल, कावळे, सूर्यपक्षी मधासाठी गर्दी करतात. तिसरे कारण वेळापत्रकाचे आहे. आता फुलले तर मे-जूनपर्यंत शेंगा पिकतात आणि पहिल्या पावसाला बी जमिनीवर हजर असते.

‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण तुम्ही शंभरदा ऐकली असेल. किती जणांनी ती पाने मोजली आहेत? एक पान तोडून वहीवर ठेवा आणि कडेने रेघ फिरवा. दिसतात ती तीन पाने नसून एकाच पानाच्या तीन पर्णिका आहेत, आणि मधली बाजूच्या दोघींसारखी नाही. पांगाऱ्यालाही तीनच पर्णिका असतात, कारण दोघेही शेंगांच्या एकाच कुळातले. नंतर पळसाचे एक फूल सोलून पाहा. पाच पाकळ्यांपैकी एक वर उभी, दोन बाजूला पंखांसारख्या, आणि दोन जुळून झालेली वाकडी चोच. संस्कृतात पळसाला किंशुक म्हणतात आणि ‘हा पोपट तर नव्हे?’ अशी त्या शब्दाची फोड परंपरेने सांगितली जाते. चोच काढून झाल्यावर ती पटते. रंग लावताना नुसते केशरी लावू नका. पाकळीच्या बाहेरून बारीक रुपेरी लव असते, तिच्यामुळे रंग किंचित मळलेला दिसतो; देठाजवळचा कप तर जवळजवळ काळ्या मखमलीसारखा असतो. हा काळा नसेल तर केशरी पेटत नाही.

पुढे एप्रिल-मेमध्ये बहावा येतो. त्याचे झुंबर काढायला सगळे धावतात आणि पिवळ्या ठिपक्यांचा ढग करून मोकळे होतात. एकच फूल घ्या. दहा पुंकेसर मोजा. त्यांतले तीन लांब आणि धनुष्यासारखे वळलेले आहेत, बाकीचे आखूड. हाच बहावा केरळात कणिकोन्ना होतो आणि एप्रिलच्या मध्याला विषूच्या पहाटे देवापुढे ठेवला जातो. तुम्ही जिथे असाल तिथला वसंत वेगळा आहे. उत्तराखंडात बुरांस फुलतो आणि चैत्राच्या पहिल्या दिवशी फूलदेईला मुले घरोघरच्या उंबऱ्यावर फुले ठेवतात. आसामात बिहूला मुली केसांत कपौ फूल माळतात. तेच ऑर्किड सह्याद्रीत सीतेची वेणी या नावाने ओळखतात. श्रीनगरच्या बादामवारीत मार्चमध्ये बदाम फुलतो. बेंगळुरूचे रस्ते गुलाबी ताबेबुयाने भरतात, पण तो पाहुणा आहे, दक्षिण आणि मध्य अमेरिकेतून आलेला. आपला गुलमोहरही मादागास्करचा. कोकणात आणि गोव्यात सुरंगी फुलते आणि तिचे गजरे बाजारात येतात. सुरंगीचा वास कागदावर उतरवण्याची युक्ती मला अजून सापडलेली नाही. दिल्लीकरांना राष्ट्रपती भवनाचे अमृत उद्यान साधारणपणे फेब्रुवारी-मार्चमध्ये खुले असते. तिथली मांडणी भूमितीवर आधारलेली आहे, त्यामुळे नाटकाच्या पानासारखाच तिचाही वरून आराखडा काढावा. पण मोठ्या उद्यानाची वाट पाहू नका. वसतिगृहाच्या मागचा शेवगा चालेल, करंज चालेल, कुंडीतली मोगरी चालेल.

फुलांच्या मागे लागून पालवी विसरू नका. कुसुंबाची नवी पाने इतकी लाल असतात की लांबून फुलेच वाटतात. पिंपळाची पालवी तांब्याच्या रंगाची असते. कोवळ्या पानात हिरवा रंग पुरेसा तयार होण्याआधी लाल द्रव्य असते आणि ते कडक उन्हापासून पानाचे रक्षण करते, असे मानतात. एकाच फांदीचे दर रविवारी एक चित्र काढा. पाच रविवारांत लाल, तांबूस, पोपटी, हिरवा असा क्रम पानावर उभा राहतो.

नोंदीचे वजन

जपानमध्ये क्योटो शहरात चेरी कधी फुलली याच्या नोंदी नवव्या शतकापासून मिळतात. त्या कुठल्या वेधशाळेच्या नाहीत. दरबारी लोकांच्या आणि भिक्षूंच्या रोजनिश्यांत ‘आज फुले पाहायला गेलो’ अशा ज्या ओळी होत्या, त्या गोळा करून यासुयुकी आओनो या संशोधकांनी बाराशे वर्षांची मालिका तयार केली. २०२१ मध्ये तिथली चेरी २६ मार्चला पूर्ण बहरली. त्या सगळ्या मालिकेत इतकी लवकरची तारीख नव्हती. हवामान तापते आहे याचा हा एक पुरावा, आणि तो दिला कुणी, तर मजेसाठी बागेत गेलेल्या माणसांनी. त्यांनी फक्त तारीख घातली होती. भारतातही ‘सीझनवॉच’ नावाचा उपक्रम २०१० पासून चालू आहे. त्यात एक झाड निवडून त्याची फुले, पाने, फळे यांची नियमित नोंद कुणालाही पाठवता येते. शाळेतली मुलेही पाठवतात.

आमच्या महाविद्यालयाच्या कुंपणाला एक काटेसावर होती. २०१९ पासून तिचे पहिले फूल जमिनीवर पडलेले कधी दिसले, ते माझ्या वहीत आहे : २ फेब्रुवारी, २८ जानेवारी, ४ फेब्रुवारी आणि पुढचे. एका उन्हाळ्यात रस्ता रुंद झाला आणि ती गेली. एवढ्या थोड्या तारखांवरून शास्त्र काही सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे. पण झाड किती रुंद होते, बुंध्यावरचे काटे किती उंचीपर्यंत होते, कोणत्या फांदीवर घार बसायची, हे सगळे मी आज मापासकट काढू शकतो. नाट्यगृहाच्या बाबतीत मला ते जमले नाही.

या आठवड्याचा स्वाध्याय

ज्या वर्गखोलीत किंवा वाचनालयात तुम्ही रोज बसता तिचा वरून आराखडा घरी बसून, आठवणीतून काढा : दारे, खिडक्या, खांब, पंखे, फळा. दुसऱ्या दिवशी तिथे जाऊन चुका लाल पेनाने दुरुस्त करा. आधीची रेघ खोडू नका. मग जवळचे एक झाड निवडा. नाव माहीत नसेल तर ‘पाण्याच्या टाकीजवळचे झाड’ असे लिहा, नाव नंतर सापडते. एक फांदी ठरवून तिला दोरा बांधा आणि दर रविवारी त्याच वेळी तिचे चित्र काढा. या महिन्यात एक नाटक बघा, कोणत्याही भाषेतले. भाषा कळत नसेल तर उत्तमच, कारण मग कोण कुठे उभे आहे याकडे लक्ष जाते. २७ मार्चला जागतिक रंगभूमी दिन असतो आणि त्या सुमारास बऱ्याच गावांत विनामूल्य प्रयोग होतात. फलकावर वेळ पाहून ठेवा, आणि वीस मिनिटे आधी जा.